वर्ग कोणाचा, यंत्र कोणाचे?

शाळेत पडदा लावला, मुलाच्या हाती फोन दिला, की शिक्षण सर्वांच्या दारी पोचले, असा डांगोरा आपल्या देशातील राज्यकर्ते आणि त्यांची वृत्तपत्रे गेली काही वर्षे पिटत आहेत. अलीकडे त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली आहे. प्रत्येक मुलाला स्वतःचा खास शिक्षक मिळणार. तो कधी दमणार नाही, रजा मागणार नाही आणि संपावर जाणार नाही! हा शेवटचा गुण जाहिरातीत छापला जात नाही. परंतु संस्थाचालकांच्या मनात तोच पहिला असतो, हे शिक्षक संघटनेत काम केलेल्या कोणाही कॉम्रेडला सांगावयास नको.

यांत्रिक शिक्षकाचे हे चित्र नवे नाही. आयझॅक असिमॉव्ह या अमेरिकन विज्ञानकथाकाराने १९५१ साली लहान मुलांसाठी एक अगदी छोटी गोष्ट लिहिली. काळ २१५७ सालचा. अकरा वर्षांच्या मार्जीच्या घरात, तिच्या झोपण्याच्या खोलीशेजारी तिची शाळा आहे: एक पडदा, आणि गृहपाठ टाकण्यासाठी एक खाच. यंत्राचा भूगोलाचा भाग जरा वेगाने चालू लागतो, मुलगी नापास होऊ लागते, तेव्हा निरीक्षक येऊन यंत्राची गती कमी करून जातो. शिक्षक प्रत्येक मुलाच्या बुद्धीला जुळवून घेतलेलाच हवा, असे मार्जीची आई मानते. आजच्या कंपन्यांच्या जाहिरातींत हाच मुद्दा, जणू कालच सुचला असावा अशा थाटात, मांडला जातो. गंमत अशी की, ही गोष्ट आपल्या केंद्रीय पाठ्यक्रमाच्या नववीच्या इंग्रजी पुस्तकात अनेक वर्षे पहिला धडा म्हणून होती. २०२० साली कित्येक मुलांनी ती घरात एकट्याने, पडद्यावरच वाचली असणार.

या गोष्टीतील यंत्र दुष्ट नाही. ते मारत नाही, अपमान करीत नाही. मार्जीला हळहळ वाटते ती पूर्वीच्या शाळेची, जिथे सगळ्या गल्लीतील मुले एकत्र बसत, एकच गोष्ट शिकत आणि म्हणून एकमेकांना मदत करू शकत. तिच्यापासून हिरावला गेला आहे तो वर्ग. मी भाषांतराच्या कामात असल्यामुळे या शब्दाशी माझी रोजची गाठ असते. इंग्रजीप्रमाणे मराठीतही शाळेतील वर्ग आणि समाजातील वर्ग यांना एकच शब्द आहे. हा निव्वळ योगायोग असेल. पण आपली परिस्थिती समान आहे हे माणसाला प्रथम कळते ते बाकावर शेजारी बसलेल्याकडे पाहून, ही गोष्ट खरी आहे.

२०२० च्या टाळेबंदीत सोलापूरच्या विडी कामगारांच्या एका वसाहतीत मला काही महिने काढावे लागले. खोली एक, तीत आई विड्या वळते आहे, तीन मुले भिंतीला टेकून बसली आहेत आणि फोन एकच, तोही यंत्रमागावर काम करणारा बाप घरी असेल तेव्हाच. थोरल्या मुलीचा पाठ सकाळी दहाला, धाकट्याचाही दहालाच. घरातली बोली तेलुगू, पडद्यावरची भाषा मराठी. शाळेत न समजलेला शब्द शेजारची मैत्रीण कानात सांगत असे, आता तीही नाही. माहितीचा साठा महिन्याच्या वीस तारखेला संपला की पाठही संपत. मुलगी हुशार होती. तिने वहीत तारखा घालून ठेवल्या होत्या आणि ज्या दिवशी पाठ बुडाला तिथे कोरे पान सोडले होते, पुढे कोणाकडून तरी उतरवून घेता येईल म्हणून. जून ते सप्टेंबरपर्यंतची कोरी पाने मी मोजली नाहीत, पण भरलेली पाने मोजायला वेळ लागला नसता.

ही एका खोलीची हकीकत नव्हती. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीनुसार ग्रामीण भागात दर शंभरांपैकी साडेचारहून कमी कुटुंबांकडे संगणक होता आणि सुमारे पंधरा कुटुंबांना इंटरनेटची सोय होती. शहरांत हेच आकडे तेवीस आणि बेचाळीस. सरकारला हे आकडे ठाऊक होते. तरीही जुलै २०२० मध्ये नवे शैक्षणिक धोरण जाहीर झाले ते डिजिटल शिक्षणाची स्तोत्रे गातच.

इथे आणखी एका कादंबरीची आठवण होते. ऑल्डस हक्स्ले यांच्या १९३२ च्या कादंबरीतील समाजात माणसांच्या श्रेणी जन्माआधीच ठरविलेल्या असतात. खालच्या श्रेणीची अर्भके पुस्तकांकडे रांगत गेली की त्यांना विजेचा झटका देतात, म्हणजे ती जन्मभर पुस्तकाला भितील. झोपेत कानाशी यंत्र बोलत ठेवून शिकविण्याचीही पद्धत आहे. हक्स्ले यांनी एक मार्मिक तपशील दिला आहे: या पद्धतीने भूगोलासारखे ज्ञान शिकविण्याचा प्रयोग साफ फसतो, कारण मूल वाक्य पाठ म्हणते पण त्याचा अर्थ त्याला सांगता येत नाही. जमते ते एवढेच, की आपण आहोत त्या श्रेणीत समाधानी राहावे आणि खालच्यांचा तिरस्कार करावा, हे मनात भिनविणे. या पाठाला तिथे वर्गजाणिवेचा प्राथमिक पाठ म्हणतात! आपला शब्द शत्रूने कसा वापरला आहे, पाहा.

आपल्याकडे विजेच्या झटक्याची गरज पडत नाही. श्रीमंताच्या मुलासाठी छोटा वर्ग, शिक्षक, प्रयोगशाळा आणि मैदान. गरिबाच्या मुलासाठी पडदा, आणि ‘कौशल्य’ शिकविणारी ध्वनिफीत. एवढ्याने श्रेणी आपोआप पडतात.

मग आपण यंत्राच्या विरोधात उभे राहावे काय? विमा व बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी पूर्वी संगणकास केलेला विरोध अजूनही आपल्या तोंडावर फेकला जातो. त्यांचा खरा प्रश्न नोकऱ्यांचा होता, हे मात्र कोणी सांगत नाही. यंत्र आणि यंत्राचा भांडवली उपयोग यांतील फरक ओळखायला कामगारांना काळ जावा लागला, अनुभव घ्यावा लागला, असे मार्क्सने ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात नमूद केले आहे. त्याच ग्रंथात तो शाळामास्तरांचे उदाहरण देतो: शाळेच्या मालकाला भांडवल शिकविण्याच्या कारखान्यात गुंतविले काय किंवा मांसाच्या कारखान्यात गुंतविले काय, सारखेच. बायजूज या कंपनीची किंमत २०२२ साली सुमारे २२ अब्ज डॉलर सांगितली जात होती. जुलै २०२४ मध्ये तिच्यावर दिवाळखोरीची कार्यवाही सुरू झाली. कारखाना बंद पडला की कच्च्या मालाचे काय होते, ते पालकांनी पाहिले.

उलट बाजूचा अनुभवही आपल्यापाशी आहे. १९७५ च्या १ ऑगस्टपासून वर्षभर सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणी दाखविण्यात आली. आणीबाणीचा काळ होता, त्यामुळे पडद्यावर सरकारी प्रचारही आलाच. पण संच सार्वजनिक होता. मुले शाळेत एकत्र बसून पाहत, संध्याकाळी गाव जमत असे. कमतरता एकच, उपग्रह अमेरिकेचा होता. मुदत संपताच ३१ जुलै १९७६ रोजी तो काढून घेण्यात आला, आणि आपला स्वतःचा उपग्रह नीट कामाला लागायला १९८३ साल उजाडले. उसन्या यंत्राचा मालक ते केव्हाही परत नेऊ शकतो.

हा धडा केरळने घेतला. तिथल्या सरकारी शाळांनी मुक्त संगणकप्रणाली स्वीकारली, त्यामुळे कंपनीला परवानाशुल्क द्यावे लागत नाही. १ जून २०२० रोजी दूरचित्रवाणीवरून पाठ सुरू झाले तेव्हा सुमारे २ लाख ६० हजार मुलांकडे कोणतेच साधन नसल्याचे राज्याच्याच पाहणीत आढळले होते. मग ग्रंथालयांतून, अंगणवाड्यांतून सामुदायिक सोय करावी लागली. ती आधीच व्हायला हवी होती, ही टीका योग्यच आहे. समाजवादाचे नाव घेतल्याने यंत्र आपोआप निर्दोष होत नाही हेही खरे. चीनच्या चेजियांग प्रांतातील एका प्राथमिक शाळेत मुलांच्या डोक्याला पट्टे बांधून त्यांचे लक्ष मोजले जात असल्याचे २०१९ साली उघड झाले, आणि लोकांच्या संतापानंतर ते थांबवावे लागले. त्याच चीनने जुलै २०२१ मध्ये शालेय विषयांच्या शिकवण्यांतून नफा मिळविण्यास बंदी घातली. दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पैशाचा प्रश्न तर जुनाच आहे. जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे हेच मांडले होते, की सरकारचा महसूल कष्टकरी रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांसाठी होतो. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राच्या शिक्षण खात्याने कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ काढण्याचे प्रस्ताव मागविले. वीसपर्यंत पट असलेल्या शाळा त्या वेळी १४ हजारांहून अधिक होत्या. मोठ्या शाळेत सोयी मिळतील, असे त्याचे समर्थन केले गेले. पाड्यावरच्या सहा वर्षांच्या मुलाने त्या सोयींपर्यंत चालत कसे जायचे, हा प्रश्न पाड्यानेच सोडवावा!

शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सदस्य पालक असतात. जिथे आपले सभासद या समित्यांवर आहेत, तिथे पडदा किंवा प्रणाली येताच त्यांनी चार गोष्टी लेखी विचाराव्यात: करार कोणाशी झाला, मुलांची माहिती कोठे साठविली जाते, यंत्र बिघडल्यास दुरुस्ती कोणाच्या खर्चाने होणार आणि शाळेतील शिक्षकाची किती पदे रिक्त आहेत. आमच्या भागातील एका शाळेत हे विचारले गेले. पहिल्या तिन्हींची उत्तरे तीन आठवड्यांत आली. चौथ्यासाठी अर्ज पुन्हा करावा लागला आहे.