रेषा कुणाची, रंग कुणाचा?

जपानी मंगामधला एखादा काळा-पांढरा चेहरा उचलायचा, फोटोशॉप नाहीतर क्रिता उघडायचं, रंग भरायचे, चौकोनात कापायचा, झाला तुमचा अवतार. (आईच्या तोंडी हा शब्द आला की अर्थ वेगळा असतो, पण असो.) आपल्या धंद्यातल्या अनेकांचा हा वीकेंडचा उद्योग आहे, माझाही आहे, आणि त्यात वाईट काही नाही. माझं भांडण त्या कापण्याशी आहे. कोपऱ्यात चित्रकाराची सही असेल तर ती नेमकी चौकोनाबाहेर जाते. सही नसेल तर मग नाव शोधायचा प्रश्नच येत नाही! आणि खाली ऐटीत लिहायचं, 'मी काढलेलं चित्र'.

आता यावर एक गट म्हणतो, रंग भरणं ही काय कला आहे का, बालवाडीतली पोरंपण भरतात. या लोकांनी एकदा बसून बघावं. स्कॅन केलेल्या पानावरचे राखाडी ठिपके आधी साफ करायचे, रेषा वेगळ्या थरावर घेऊन तो थर मल्टिप्लायवर टाकायचा, खाली केस, कातडी, कपडे सगळ्याचे सपाट रंग वेगवेगळे. इथपर्यंत हमाली. खरी गंमत पुढे. उजेड कुठून येतोय? दुपार आहे की दिव्याखाली बसलाय? मंगात पांढरे सोडलेले केस पांढरेच असतात असं नाही, पिवळेही असू शकतात. रेषा हे सगळं सांगत नाही, ते रंगवणाऱ्याला ठरवावं लागतं. 'द किलिंग जोक' हे बॅटमनचं कॉमिक १९८८ साली आलं तेव्हा रंग जॉन हिगिन्सचे होते, भडक आणि अंगावर येणारे. चित्रकार ब्रायन बोलंडला ते पटले नव्हते. २००८च्या आवृत्तीत त्याने स्वतः सगळं पुन्हा रंगवलं, थंड आणि फिकट. दोन्ही प्रती शेजारी ठेवून बघा. गोष्ट तीच, पण अंगावर काटा येतो तो वेगळ्या जागी. आणि दोन्हीकडे रंग कुणाचे ते छापलेलं आहे.

एवढ्या लांब कशाला, आमच्या रायगडात पेणला जा. हमरापूर, जोहे या भागातल्या कारखान्यांत श्रावणाच्या कितीतरी आधीपासून मूर्ती रांगेत उभ्या असतात. अंगाचा रंग स्प्रे गनने भराभर होतो. पण डोळ्यांची आखणी करायला बसतो तो माणूस वेगळा, आणि त्याच्याशी तेव्हा कुणी बोलत नाही. एकाच साच्यातून निघालेल्या दोन गणपतींची आखणी दोघांनी केली तर दोन वेगळे चेहरे होतात. एक प्रसन्न, दुसरा रात्रपाळी करून आल्यासारखा. तेव्हा रंगकाम म्हणजे किरकोळ काम, हे मला कुणी सांगू नये.

पण पेणचीच दुसरी बाजू ऐका. तिथून ढिगाने मूर्ती कच्च्या, म्हणजे न रंगवता, बाहेर जातात. मुंबई-पुण्याचा माणूस त्या आपल्या मांडवात रंगवतो आणि बाहेर बोर्ड काय लावतो? 'येथे पेणच्या सुबक गणेशमूर्ती मिळतील.' रंग त्याचा, मेहनत त्याची, तरी नाव पेणचं. धंद्यासाठी का होईना, पण लावतो. (साचा ज्याने घडवला त्या मूर्तिकाराचं नाव तिथेही येत नाही, ते दुखणं वेगळं.) आणि आपण? फुकटात मिळालेली रेषा, तरी नाव गिळायचं?

'अरे फॅनआर्ट आहे, पैसे कुठे घेतोय' हे उत्तर तर डोक्यात जातं. एमआयटी लायसन्सवाला कोडही फुकटच असतो ना? तरी वरची कॉपीराइटची ओळ पुसायची परवानगी नसते. ती ओळ उडवून रिपॉझिटरी स्वतःच्या नावावर चढवणाऱ्याला आपणच शिव्या घालतो. आपल्याकडच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ तर असं आहे, की हक्क विकून टाकले तरी 'हे मी केलंय' म्हणायचा लेखक-चित्रकाराचा हक्क शाबूत राहतो.

रेषाचित्र टाकलं की आपोआप रंग भरून देणारं पेंट्सचेनर २०१७ मध्येच आलं होतं. मार्च २०२५ मध्ये तर अर्ध्या ऑफिसचे डीपी एका आठवड्यात जिब्ली झाले. तिथे ना रेषा तुमची, ना रंग तुमचा, नाव मात्र तुमचं. त्यांच्याशी मी वाद घालत बसत नाही. पण जो रात्री दोनपर्यंत जागून एका कानाची सावली नीट करतो, त्याने तरी स्वतःला त्यांच्या रांगेत का बसवून घ्यावं?

'रेषा: अमुक, रंग: मी.' एवढंच लिहायचंय. चौकोनात जागा नाही म्हणता? खाली प्रोफाइलमध्ये 'कॉफी लव्हर, ट्रेकर, ड्रीमर' लिहायला जागा आहे, त्यातलं एक काढा.