एका सेकंदाचे अंतर

परभणीच्या ज्योती गवते यांनी २०१७ साली मुंबईच्या मॅरॅथॉनमध्ये भारतीय स्त्रियांत पहिला क्रमांक मिळवला. बेचाळीस किलोमीटर पळायला चिवटपणा लागतो. शाळेच्या मैदानावर मात्र, मग ते परभणीचे असो वा पुण्याचे, खो मिळताच उसळायचे असते, उडी घ्यायची असते. तेथे कामी येतो क्षणाचा जोर, आणि त्यात मुलगे पुढे जातात. ते का बरे?

दहा वर्षांपर्यंत ते फारसे पुढे नसतातच. ताई दादाला खुशाल हरवते. मग मुलगा वयात येतो. टेस्टोस्टेरॉन नावाचा अंतःस्राव त्याच्या रक्तात कितीतरी पटींनी वाढतो, स्नायू भरतात, हाडे लांब व जाड होतात. मुलीच्या अंगात याच सुमारास चरबीचे प्रमाण वाढते. पळताना हा भार पुढे न्यायचा. उडीत तो उचलायचाही असतो. म्हणून शंभर मीटरमध्ये उसेन बोल्टचे २००९ मधले ९.५८ सेकंद आणि फ्लोरेन्स ग्रिफिथ-जॉयनरचे १९८८ मधले १०.४९ यांत अंतर सेकंदाहून कमी, सुमारे नऊ टक्के. पण लांब उडीत माइक पॉवेलची ८.९५ मीटर आणि गालिना चिस्त्याकोवाची ७.५२ यांत सोळा टक्क्यांचे.

हा झाला शिखरावरचा हिशेब. द्युती चंदने २०२१ मध्ये शंभर मीटर ११.१७ सेकंदांत तोडले. आपल्या आळीतला कोणता पुरुष तिला गाठील? कचेरीत बसून पोट वाढवणाऱ्या आम्ही तरी या भानगडीत न पडलेले बरे!

खरी अडचण घरातली आहे. बाराव्या-तेराव्या वर्षी पुष्कळ मुलींची प्रगती थबकते. एखादी आदल्या वर्षापेक्षा हळूही पळते. मास्तरांना ती आळशी वाटते, आईला वाटते, आता पुरे झाले हुंदडणे. मैदान सुटते ते कायमचेच. आणि हेच तर हाडांत बळ साठण्याचे वय! उड्यांनी हाडे भरतात, तो साठा म्हातारपणापर्यंत पुरवायचा असतो. तिला भावाशी ताडण्यात काय हशील? जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक भारताच्या पुरुषांनी जिंकला, तसा प्रियांका इंगळेच्या संघानेही जिंकला. त्या मुलींनाही तेरावे वर्ष लागले होतेच की.

या सुट्टीत अंगणात चुन्याची रेघ ओढा, मुलीला जागेवरून उडी मारायला सांगा आणि टेपने मोजून कॅलेंडरवर लिहून ठेवा. होळीला पुन्हा मोजा.