"बोलेल उशिरा" असं म्हणत मी घालवलेलं दीड वर्ष



आज रेसिपी नाही. आज माझी एक चूक लिहिते.

माझा नातू दीड वर्षाचा झाला तरी एक शब्द बोलत नव्हता. हाक मारली तर वळून बघायचा नाही. सुनेने मला दोनतीनदा म्हटलं, "आई, एकदा डॉक्टरांना दाखवू या का?" मी म्हणाले, "अगं, याचे बाबाही तीन वर्षांचे झाल्यावर बोलले. मुलगे उशिराच बोलतात." पुढे वेखंड झालं. मध आपल्याला चालत नाही म्हणून तुपात उगाळून चाटवलं. कोणी पोपटाने उष्टावलेला पेरू आणून दिला, तोही भरवला. मंदिरात घंटा वाजली की तो कान दाबून किंचाळायचा. बायका म्हणायच्या, "फार लाडावून ठेवलाय." आणि मी गप्प बसून तो दोष सुनेच्या पदरात पडू दिला.

तो तीन वर्षांचा झाला तेव्हा आम्ही कानाची तपासणी केली. ऐकू उत्तम येत होतं. वाचा-उपचार आणि व्यवसायोपचार दोन्ही सुरू करायला सांगितले. तपासणाऱ्या बाईंनी विचारलं, "इतके दिवस का थांबलात?" सून काही बोलली नाही. उत्तर मला द्यायचं होतं आणि माझ्याकडे ते नव्हतं. निदानाचं नाव इथे लिहीत नाही. उद्या तो मोठा होऊन हे वाचेल, तेव्हा सांगायचं की नाही ते त्याने ठरवावं.

"व्यवसायोपचार" ऐकून मला हसू आलं होतं. तीन वर्षांच्या पोराला कसला व्यवसाय? पण मुलाचा व्यवसाय म्हणजे खेळणं, हाताने जेवणं, बटण लावणं, एका जागी बसणं. हे शास्त्र आपल्याकडे काही कालपरवा आलेलं नाही. मूळच्या अमेरिकन आणि लग्न करून निंबकरांच्या घरी आलेल्या कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात त्याचं शिक्षण सुरू केलं. नांदेडच्या माझ्या घरात ते पोहोचायला सत्तर वर्षं लागली.

तिथेच कळलं की घंटेला घाबरणं हा हट्ट नव्हता. काही मुलांना आवाज, नव्या कपड्याची शिवण, हाताला लागलेलं पीठ हे सगळं आपल्यापेक्षा कितीतरी जास्त टोचतं.

आता थोडा हिशोब मांडते, कॉमर्सची सवय आहे. सेशन ४५ मिनिटांचं, आठवड्यातून तीनदा. म्हणजे सव्वादोन तास. मूल आठवड्यात साधारण ८४ तास जागं असतं. उरलेले जवळजवळ ८२ तास कोणाचे? घराचे, म्हणजे आपले. म्हणून मी शिकले. दोन वाट्या समोर धरायच्या, "केळ की चिकू?" असं विचारायचं आणि मनात दहापर्यंत मोजत थांबायचं. "बोल, बोल" म्हणून मागे लागायचं नाही. कणीक मळायला द्यायची, मटार सोलायला बसवायचं, डाळीचा डबा उचलून आणायला सांगायचं. मोबाईल दाखवून जेवण भरवणं आमच्याकडे बंद झालं, आणि ते सगळ्यात आधी मलाच जड गेलं. घरात मराठी आणि हिंदी दोन्ही बोललो म्हणून मूल बोलत नाही, हाही गैरसमज आहे. दोन भाषांमुळे असा दोष येत नाही.

पैसा लागतो, हे खरं. आमचे एका सेशनला ४०० रुपये, म्हणजे महिन्याला ४,८०० च्या आसपास. पण त्याच्या पहिल्या वाढदिवसाच्या हॉलवर आम्ही जे उधळले, त्यात वर्षभराचे उपचार झाले असते. सरकारी सोयही आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरहूनच सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुलं तपासतात. पण आपली मुलं अंगणवाडीत कुठे जातात? ती जातात प्ले स्कूलला, आणि तपासणी हुकते. लातूरला ऑटिझम व बहुविकलांगतेसाठी "उमंग" आहे, जवळच हरंगुळला सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी "संवेदना" आहे. प्रमाणपत्र घ्यायला लाजू नका. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत, वाचा आणि भाषेचा दोषही त्यात आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर "निरामय" विमा १ लाखापर्यंत मिळतो. जुन्या करपद्धतीत ७५,००० रुपयांची वजावट आहे, अपंगत्व तीव्र असेल तर १,२५,०००.

एक सावधगिरी. "तीन महिन्यांत बोलायला लावू" अशी हमी देणाऱ्याकडे जाऊ नका. वाचा-उपचार करणाऱ्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, व्यवसायोपचार करणाऱ्यांची राज्याच्या परिषदेकडे. नोंदणी क्रमांक विचारण्यात अपमान कसला?

आता सगळ्यात अवघड गोष्ट. "पूर्वकर्माचा उदय, आपण काय करणार?" हे वाक्य मला मंदिरातच ऐकायला मिळालं, आणि तेही सुनेसमोर. पाठशाळेत आपण कर्माच्या दहा अवस्था शिकलो. त्यात बंध आणि उदय आहेत, तशीच उदीरणा आहे, संक्रमण आहे, अपकर्षणही आहे. पुरुषार्थाला जागा नसती तर तप कशाला सांगितलं असतं? आणि वैयावृत्त्य हेसुद्धा तपच आहे. एका आईला बोल लावून आपल्या पदरी कोणतं कर्म पडतं, याचा विचार आपण करतो का?

माझं म्हणणं स्पष्ट आहे. चार दानांत औषधदान आहे. बोलीत आपण मोठे आकडे बोलतो. या चातुर्मासात महिला मंडळाने त्यातला एक वाटा एखाद्या मुलाच्या उपचारासाठी, अहमदपूर-चाकूरहून लातूरला जाण्यायेण्याच्या तिकिटासाठी बाजूला ठेवावा. नाव जाहीर न करता.

आणि सासवांनो, एवढं लक्षात ठेवा. वर्षाचं मूल हाकेला वळत नसेल, दीड वर्षाचं बोटाने काही दाखवत नसेल, दोन वर्षांचं दोन शब्द जोडत नसेल, किंवा आलेले शब्द गेले असतील, तर थांबू नका. तपासणीत काही निघालं नाही तर पेढे वाटा.

आमचा नातू आता पाच वर्षांचा आहे. सगळं जमतं असं नाही. गेल्या वर्षी मंदिराच्या पायरीवर माझा हात ओढून म्हणाला, "आजी, घंटा नको." तीन शब्द, पहिल्यांदाच एकत्र. आता तो उभा असला की आमच्या मंदिरातल्या बायका घंटा वाजवत नाहीत, नुसतंच नमन करून आत जातात. ते दीड वर्ष मात्र मला परत मिळणार नाही. तुमचं वाचावं म्हणून हे लिहिलं.