नातवंडे नेली, हरकत नाही; हिशेब कुठे आहे?



नेत्याच्या परदेश दौऱ्यात घरची माणसे दिसली, की ‘जनतेच्या पैशावर सहल’ असा शेरा मारून आपण मोकळे होतो. मला तो सरसकट मान्य नाही.

प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती असताना, 2012 साली, त्यांच्या 12 परदेश दौऱ्यांवर 205 कोटी रुपये खर्च झाल्याचे माहितीच्या अधिकारातून बाहेर आले. बरोबर नातेवाईकही असत. झाले! जणू सगळे 205 कोटी नातवंडांनीच उडवले, अशी चर्चा रंगली. वास्तविक त्यातले 169 कोटी एअर इंडियाच्या विमानाचे. राष्ट्रपतींसाठी अख्खे जम्बो विमान घेतले, की मागच्या रांगेत नातू बसो वा न बसो, बिल तेवढेच. दौरेही राष्ट्रपती स्वतःच्या मनाने ठरवत नाहीत, सरकार सांगते. उरला नातेवाइकांचा हॉटेलचा, गाड्यांचा, जेवणखाणाचा खर्च. तो कुणाच्या खिशातून गेला? एवढाच प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर कुणी अर्ज करण्याआधीच मिळायला हवे होते.

न्यूझीलंडच्या तेव्हाच्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांचे उदाहरण याच्या अगदी उलट. सप्टेंबर 2018 मध्ये नाउरू बेटावर पॅसिफिक देशांची परिषद होती. मुलगी अडीच महिन्यांची, अंगावर पिणारी. तिथे जाण्यासाठी लागणाऱ्या लसी तिला इतक्यात देता येत नव्हत्या. म्हणून आर्डर्न एका दिवसापुरत्या गेल्या आणि त्यासाठी हवाई दलाच्या विमानाला जादा फेरी मारावी लागली. म्हणजे इथे घरच्या कारणाने तिजोरीवर खरोखरच भार पडला. टीका झाली, तेव्हा त्यांनी कारण सरळ सांगून टाकले; गेले नसते तरी बोल लागलाच असता, हेही सुनावले. (मूल कुणापाशी ठेवून आलात, असे एखाद्या पुरुष पंतप्रधानाला कुणी विचारल्याचे आठवते का?) त्याच महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेसाठी न्यूयॉर्कला जाताना मुलगी आणि जोडीदार बरोबर होते. जोडीदार मूल सांभाळायला येतोय, तेव्हा त्याच्या प्रवासाचे पैसे आम्हीच भरू, असे त्यांनी सांगितले.

आपल्याकडे हे अवघड नाही. पंतप्रधान कार्यालयाच्या संकेतस्थळावर परदेश दौऱ्यांची आणि विशेष विमानांच्या खर्चाची यादी असतेच. त्यात ‘सोबत गेलेले कुटुंबीय व त्यांचा खर्च कोणी केला’ असा एक रकाना वाढवावा. राष्ट्रपती भवनाने आणि राज्य सरकारांनीही तशीच यादी लावावी. दावोसच्या जागतिक आर्थिक परिषदेला महाराष्ट्राचे शिष्टमंडळ जातेच. सुरुवात तिथून करायला मंत्रालयाला कुणाच्या परवानगीची गरज नाही.

– एक वाचक, जळगाव