शुगर लपवून कामावर जाऊ नका

मृग तोंडावर आला आणि ७ जून २०२१ पासून कोरोनाचे निर्बंध टप्प्याटप्प्यानं सैल होऊ लागले. उस्मानाबाद, कळंब, उमरगा, परंडा, कुठंही जा, कृषी सेवा केंद्रांपुढं सोयाबीनच्या बियाण्यासाठी गर्दी होणार, बँकेत पीककर्जाच्या फायली घेऊन माणसं येणार, अडतीवर पुन्हा पोती उतरणार. या प्रत्येक ठिकाणी काउंटरच्या आत आणि बाहेर मधुमेह असलेली आपलीच माणसं उभी असतील. हे आवाहन त्यांना आहे आणि त्यांना कामावर ठेवणाऱ्यांनाही. हात जोडून सांगतो, आजच वाचा.

एप्रिल-मे कसे काढले ते कुणी विसरलेलं नाही. चोराखळीच्या धाराशिव साखर कारखान्याला ऑक्सिजन तयार करायला उतरावं लागलं, इतकी ओढाताण झाली. मधुमेह असलेल्याला शुगर चढलेली असताना कोरोना झाला, तर दुखणं झपाट्यानं बळावतं. आजाराच्या ताणानं शुगर आणखी वाढते, स्टेरॉइड द्यावं लागलं की त्याहून वर जाते, आणि अशाच शरीरात म्युकरमायकोसिसची बुरशी शिरते. म्हणून शुगर ताब्यात ठेवणं हे मास्कइतकंच महत्त्वाचं आहे.

पण मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती लपवण्याची. हमाल, ड्रायव्हर, दुकानातला नोकर, कंत्राटी कर्मचारी, यांतले कितीतरी जण शुगर असल्याचं कामावर सांगतच नाहीत. मालक ‘घरी बस’ म्हणेल, रोज बुडेल, ही धास्ती असते. मग चारचौघांत नको म्हणून दुपारची गोळी चुकते, जेवणाची वेळ टळते, अंगात कणकण असली तरी तापाची गोळी खाऊन माणूस कामावर हजर होतो. अशा माणसाची तब्येत अचानक ढासळली, तर त्याला काय झालंय हे शेजारच्यालाही कळत नाही. कामावरच्या निदान एकाला तरी सांगून ठेवा. औषधांची नावं, डॉक्टरांचा आणि घरचा नंबर लिहिलेली चिठ्ठी खिशात असू द्या. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या घरोघरच्या तपासणीच्या वेळी दारात आलेल्यांना सांगितलं नसेल, तर आता आशाताईंना सांगा.

दिवसभर मास्क नीट लावणारा माणूसही डबा उघडताना तो काढतो. चौघं जण बंद खोलीत, एका टेबलावर, एकमेकांच्या भाजीत हात घालून जेवतात. लागण व्हायला तेवढी अर्धी घटका पुरते. डबा एकट्यानं, उघड्यावर, झाडाखाली किंवा व्हरांड्यात खा. वाईट दिसेल, दिसू द्या. चहाचंही तसंच. मात्र गर्दी आहे म्हणून जेवण टाळू नका. गोळी किंवा इन्सुलिन घेऊन पोट रिकामं राहिलं की शुगर एकदम उतरते. घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढं अंधारी येते. ग्लुकोमीटरवर आकडा ७० च्या खाली दिसला, किंवा मीटर नसेल आणि अशी लक्षणं असतील, तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून प्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन लावा.

इन्सुलिन घेणाऱ्यांना एक विनवणी. सकाळी गाडीच्या डिकीत ठेवलेली कुपी दुपारपर्यंत आपल्याकडच्या उन्हात चांगलीच तापते. वरून ती ठीक दिसते, पण औषधाचा गुण गेलेला असतो. कामाच्या ठिकाणी फ्रिज नसेल तर पसरट माठात ओली वाळू भरा, कुपी घट्ट झाकणाच्या डबीत घालून त्यात ठेवा आणि माठ सावलीत राहू द्या.

ताप, खोकला, घसा दुखणं, चव जाणं, यांतलं काहीही जाणवलं तर त्या दिवशी कामावर जाऊ नका, चाचणी करा. जेवण जात नाही म्हणून इन्सुलिन मनानं बंद करू नका. आजारपणात त्याची गरज बहुधा वाढते. उलट्या-जुलाब असतील तर कोणती गोळी थांबवायची ते डॉक्टरांना फोनवर विचारा. ऑक्सिमीटरवर ९४ च्या खाली आकडा आला की घरी थांबू नका. मोबाइलवर फिरणाऱ्या चिठ्ठ्या बघून स्टेरॉइड तर मुळीच घेऊ नका. कोरोनातून उठल्यावर गालाची एक बाजू दुखली-सुजली, दात हलले, नाकातून काळसर स्राव आला किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय गाठा. खर्चाला घाबरून घरात बसू नका. म्युकरमायकोसिसवरचे उपचार २०२१ मध्ये महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत घेतले गेले.

‘शुगर आहे, लस सोसणार नाही’ हे मी अजून पारावर ऐकतो. ते खोटं आहे. १ मार्च २०२१ ला लसीकरण वाढवलं तेव्हा ४५ ते ५९ वयाच्या गंभीर सहव्याधी असलेल्यांना मुद्दाम आधी घेतलं, ते त्यांना धोका जास्त म्हणूनच. जून २०२१ च्या नियमाप्रमाणे कोविशिल्डच्या पहिल्या डोसनंतर ८४ दिवस मोजून दुसरा घ्यायचा होता.

आता दुकानदार, अडते, शाखाधिकारी, कारखानदार यांना. मधुमेह असलेल्याला गर्दीच्या काउंटरवरून उठवून आतल्या हिशेबाला, फोनला किंवा गोदामाच्या नोंदीला बसवा. खिडक्या उघड्या ठेवा. जेवणाची वेळ ठरवून द्या, ग्राहक कितीही असोत, ती मोडू नका. कामावरून मात्र काढू नका. एकाला काढलंत की बाकीचे सगळे गप्प होतील, आणि पुढचा ताप तुमच्या दुकानात लपून येईल. उद्या सकाळी शटर वर करण्याआधी प्रत्येकाला एकेकट्यानं बाजूला घेऊन विचारा, शुगर आहे का, बीपी आहे का, औषध चालू आहे का. तापामुळं घरी राहिलात तर पगार कापणार नाही, हे त्याच वेळी सांगा.