‘गोठवला’ म्हणजे नेमकं काय केलं?

२३ एप्रिल २०२०च्या संध्याकाळी मी एका वृत्तसंकेतस्थळासाठी इंग्रजी बातम्या मराठीत करून देत होते. शब्दामागे पैसे आणि बातमीमागे दहा मिनिटं, असा तो व्यवहार. टाळेबंदीत पुस्तकांची कामं थांबली होती, म्हणून हे काम धरलं होतं. त्या दिवशी केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या आदेशाची बातमी आली. मी मथळा दिला, ‘केंद्रीय कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता गोठवला’, आणि कुकर लावायला उठले.

आई दिल्लीत आमच्याकडेच असते. वडील केंद्र सरकारच्या एका खात्यात होते. त्यांच्या मागे तिला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. तिने फोनवर हीच बातमी दुसरीकडे कुठेतरी वाचली होती, तिथेही शब्द हाच. तिने विचारलं, “गोठवला म्हणजे नंतर देणार ना?” मी म्हटलं, “हो गं, गोठवलाय. रद्द थोडाच केलाय?”

आईला मी चुकीचं सांगितलं, आणि ते माझ्याच मथळ्याच्या भरवशावर. वीस वर्षं भाषांतर करणाऱ्या बाईने आपल्याच शब्दाला फसावं, याची लाज वाटते म्हणून हे लिहिते आहे.

मराठीत काय काय गोठतं? तूप गोठतं. दिल्लीच्या जानेवारीत आमच्या ओट्यावरचा तुपाचा डबा दगडासारखा होतो, पण गॅसजवळ ठेवला की जेवढं होतं तेवढं तूप परत हाताशी येतं. बँकेतलं खातं गोठवतात तेव्हाही आतली रक्कम आतच असते. म्हणजे गोठण्यात वितळणं गृहीत आहे. आईचा प्रश्न भाषेच्या दृष्टीने अगदी बरोबर होता.

आता आदेशात काय होतं ते पाहू. १ जानेवारी २०२०पासून देय असलेला वाढीव हप्ता दिला जाणार नाही. १ जुलै २०२० आणि १ जानेवारी २०२१ हे पुढचे दोन हप्तेही दिले जाणार नाहीत. १७ टक्के हा जुना दर चालू राहील. १ जुलै २०२१नंतर हे तिन्ही दर पुढच्या दरात मिळवले जातील, मात्र मधल्या अठरा महिन्यांची थकबाकी मिळणार नाही. निवृत्तांच्या महागाई वाढीलाही हेच लागू. तिसऱ्या-चौथ्या ओळीतच सगळं स्वच्छ लिहिलेलं होतं. इंग्रजी बातमीदाराने त्याला ‘फ्रीझ’ म्हटलं आणि आम्ही सगळ्यांनी फ्रीजचं दार उघडून ते मराठीत ठेवून दिलं. हिंदी वर्तमानपत्रं त्या दिवसांत ‘रोक’ लिहीत होती. तो शब्दही पुरता खरा नाही, पण त्यात निदान कोणीतरी हात आडवा घातलेला दिसतो.

जुलै २०२१मध्ये दर १७वरून एकदम २८ टक्के झाला. हे ११ टक्के म्हणजे राहिलेले तीन हप्ते: ४, ३ आणि ४. आईचं मूळ निवृत्तिवेतन १२,५०० रुपये. पहिल्या सहा महिन्यांत तिचे दरमहा ५०० रुपये गेले, पुढच्या सहांत ८७५, शेवटच्या सहांत १,३७५. बेरीज १६,५००. कोणालाही आपापला हिशोब करता येईल: मूळ वेतनाला १.३२ने गुणायचं. १८,००० रुपये हे किमान मूळ वेतन असलेल्या शिपायाचे २३,७६० रुपये गेले. साधारण एक महिना आणि वर नऊ-दहा दिवस प्रत्येकाने मूळ वेतनावर फुकट काम केलं, असं म्हटलं तरी चालेल.

“पण संकट होतं,” असं म्हणणारे भेटतात. संकट होतंच. पण महागाई भत्ता ठरतो कसा, हे त्यांना बहुधा ठाऊक नसतं. औद्योगिक कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक दर महिन्याला काढला जातो. त्याची बारा महिन्यांची सरासरी घेतात, ती २६१.४२ या आधारभूत आकड्याच्या किती पुढे गेली ते पाहतात आणि त्यावरून टक्के निघतात. भत्ता नेहमी मागच्या महागाईचा असतो. जानेवारी २०२०चा हप्ता २०१९ या वर्षाच्या सरासरीवर ठरला होता. त्या वर्षातले कांदे, डाळी, गोळ्या-औषधं लोकांनी विकत घेऊन संपवलेली होती. मंत्रिमंडळाने मार्च २०२०मध्ये हा हप्ता मंजूरही केला होता. सहा आठवड्यांच्या आत तो मागे घेतला. वाण्याकडून वर्षभर उधार माल न्यायचा आणि बिल आल्यावर सांगायचं, की यंदा पाऊसपाणी नीट नाही, तुमचं बिल गोठवलं आहे! वाणी काय म्हणेल ते या पानावर छापता येणार नाही.

मग हे सहज पचलं कसं? याचं उत्तर मला पुन्हा आमच्याच धंद्यात सापडतं. दर सहा महिन्यांनी भत्त्याचा दर सुधारला की मराठी मथळे ठरलेले: ‘कर्मचाऱ्यांना खूशखबर’, ‘दिवाळीची भेट’, ‘सरकारचं मोठं गिफ्ट’. ज्या रकमेने जुनी खरेदीही जेमतेम भरून निघते तिला भेट म्हणायची सवय लागली, की ती न देणं हा अन्याय राहतच नाही. भेट देणाऱ्याच्या मर्जीची असते. वर्षानुवर्षं आम्ही देण्याला दान म्हणत आलो, म्हणून २०२०मध्ये कोणाला काही बुडालं असं वाटलंच नाही. ‘भत्ता’ या शब्दातच ती गोम आहे म्हणा. मूळ वेतनाच्या बाहेर, कडेला ठेवलेली चीज.

कोलकात्यात तौलनिक साहित्याचं एम.ए. करताना घरमालकीणबाईंच्या तोंडून मी पहिल्यांदा ‘महार्घ भाता’ ऐकलं. आपला ‘महाग’ ज्यातून झिजत आला तोच हा संस्कृत ‘महार्घ’. तेव्हा मला त्या शब्दाचा थाट गमतीचा वाटला होता. पण तिथल्या राज्य कर्मचाऱ्यांनी या शब्दासाठी वर्षानुवर्षं न्यायालयाच्या पायऱ्या झिजवल्या, रस्त्यावर धरणी धरली. मे २०२२मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने महागाई भत्ता हा कर्मचाऱ्यांचा हक्क असल्याचं म्हटलं. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या राज्याला थकबाकीतला चौथा हिस्सा देण्याचा अंतरिम आदेश दिला. तिथे राज्य सरकार वेगळं, पक्ष वेगळा, आणि युक्तिवाद मात्र तोच: तिजोरीत पैसा नाही. एका पक्षाचं माप काढायला मी बसलेले नाही, हे सांगायला एवढं पुरे.

तिजोरीचंच बोलायचं तर, सरकारने २०२३मध्ये लोकसभेत सांगितलं की या अठरा महिन्यांत ३४,४०२.३२ कोटी रुपये वाचले. दशांशचिन्हापुढचे ३२ लाखसुद्धा मोजलेले. थकबाकी देणं मात्र ‘व्यवहार्य’ नाही. त्याआधी सप्टेंबर २०१९मध्ये कंपनी कराचा दर ३० टक्क्यांवरून २२वर आणला, तेव्हा सरकारनेच वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचा महसूल सोडत असल्याचं सांगितलं होतं. महासाथ आल्यावर ती सवलत कोणी गोठवली नाही. ते व्यवहार्य होतं.

खासदारांचं वेतनही त्या वर्षी ३० टक्क्यांनी कमी झालं, हे मी लपवत नाही. पण त्याला काय म्हटलं गेलं? कपात. कपात सोसणाऱ्याला त्यागाचं श्रेय मिळतं. ‘गोठवणी’ सोसणाऱ्या शिपायाला तेही मिळालं नाही, कारण शब्दानुसार त्याचं काही गेलेलंच नव्हतं.

आणि शिपाई मुद्दाम म्हणते. ब्रिटनने २०१०मध्ये सरकारी नोकरांची वेतनवाढ दोन वर्षं थांबवली. तो निर्णय मला मुळीच आवडत नाही, पण त्यात वर्षाला २१,००० पौंडांहून कमी मिळवणाऱ्यांना वगळलं होतं आणि त्यांना २५० पौंडांची वाढ दिली होती. आपल्याकडच्या आदेशात अशी खालची रेघच नव्हती. सचिव आणि शिपाई, दोघांना एकच टक्का. सचिवाच्या घरी तो टक्का बचतीतून जातो, शिपायाच्या घरी ताटातून.

आमच्या घरी तो कुठून गेला ते आईच्या वहीत आहे. दिल्लीत नोव्हेंबर २०२०मध्ये ५९४ रुपयांना मिळणारं सिलिंडर १ मार्च २०२१ला ८१९ रुपयांचं झालं, आणि त्यावरचं अनुदान आधीच शून्यावर आलं होतं. शेंगदाण्याच्या तेलाच्या जागी सोयाबीनचं आलं. तुरीच्या वरणात मसूर मिसळली जाऊ लागली. आई म्हणाली, पचायला हलकी असते. बीपीची गोळी ती एक दिवसाआड घेत होती, हे मला फार उशिरा कळलं, तेही पाकीट वेळेत संपेना म्हणून. दिवाळी अंक ती दरवर्षी टपालाने मागवायची, चार तरी. त्या वर्षी एकही आला नाही. मी विचारलं तर म्हणाली, “डोळ्यांना त्रास होतो आता.” वहीत मात्र त्या ओळीवर आडवी रेघ आहे आणि पुढे ५०० लिहिलं आहे.

त्याच ऑक्टोबरात सरकारला वाटलं की बाजारात मागणी नाही. मग नोकरदारांसाठी योजना आली: प्रवास सवलतीचे पैसे रोख घ्या, पण भाड्याच्या तिप्पट खर्च करा, डिजिटल पद्धतीनेच करा आणि १२ टक्के किंवा जास्त जीएसटी असलेल्या वस्तूंवरच करा. सुट्या डाळ-तांदळावर जीएसटी नव्हता, खाद्यतेलावर ५ टक्के होता. म्हणजे घरात जे कमी पडत होतं ते यात बसेना. फ्रिज बसत होता. गोठवलेला भत्ता ठेवायला सोय हवीच.

सगळ्यात जड जातं ते शेजारच्या वहिनींचं बोलणं. त्यांच्या यजमानांची खासगी नोकरी एप्रिलमध्येच गेली. त्या म्हणाल्या, “तुमच्याकडे पहिल्या तारखेला काहीतरी येतं तरी.” याला मी काय उत्तर देणार? लोक पायी गावाकडे चालले होते, आणि आम्ही चार टक्क्यांचं बोलायचं? त्या वेळी मी गप्प बसले. आज वाटतं, त्या गप्प बसण्यावरच हा आदेश चालला. आईचे १६,५०० वहिनींच्या घरी गेले असते तर तिने हिशोबही मागितला नसता. वाचलेला पैसा कोणाकडे जाणार, याची एक ओळही त्या आदेशात नव्हती. वहिनींना काही मिळावं म्हणून आमचं थांबवलं, असं कोणी म्हटलंच नाही. ते आम्हीच आमच्या मनाशी म्हणून घेतलं. (माझा स्वतःचा शब्दामागचा दर आठ वर्षं तोच आहे. तो गोठवल्याचा आदेशही कधी निघाला नाही, त्यामुळे बातमी नाही.)

आठव्या वेतन आयोगाची घोषणा जानेवारी २०२५मध्ये झाली, तेव्हापासून मराठी मथळ्यांत पुन्हा खूशखबरींचा पूर आहे. इथे या अंकात इतर भाषांत काम करणारे भाषांतरकार, संपादक वाचत असतील. तुमच्या भाषेत त्या दिवशी काय छापून आलं होतं ते काढून बघा. तमिळात, मल्याळममध्ये, ओडियात कोणाला बरा शब्द सुचला असेल तर मला हवा आहे.

मी माझा मथळा परवा पुन्हा केला. ‘अठरा महिन्यांचा वाढीव महागाई भत्ता केंद्र सरकारने बुडवला.’ आईला वाचून दाखवला. ती वही चाळत होती. म्हणाली, “बुडवला बरोबर आहे. पण कोणाचा, ते आधी लिही.”