राखीव वीस टक्के

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईच्या मोठ्या भागातील वीज एकाएकी गेली. बिघाड कळवा-पडघा पट्ट्यातील उच्चदाब यंत्रणेत होता. करोनाची साथ तेव्हा ऐन भरात होती. अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांना घेऊन निघालेल्या लोकल वाटेतच थांबल्या, रुग्णालयांना जनित्रांवर भिस्त ठेवावी लागली. मध्य रेल्वेचा मुख्य मार्ग सुरू व्हायला दोन-अडीच तास लागले आणि काही वस्त्यांत दिवे यायला संध्याकाळ उजाडली. त्या काळात घरच्या घरी विलगीकरणात असलेल्या रुग्णाला ऑक्सिजनची पातळी डॉक्टरांना कळवायची किंवा रुग्णवाहिका मागवायची, तर हाताशी साधन एकच होते, ते म्हणजे मोबाइल. तो आदल्या रात्री चार्ज केला होता की नाही, हा प्रश्न त्या दिवशी आरोग्याचाच होता.

ठाकुर्लीकरांना वीज आणि रेल्वे यांचे नाते वेगळे सांगायला नको. येथील चोळे पॉवर हाऊसने एके काळी रेल्वेगाड्यांना वीज पुरवली. ते कधीच बंद पडले. आज याच स्थानकातून रोज सकाळी माणसे धीमी लोकल पकडून ठाणे, दादर, मुंबई गाठतात आणि रात्री उशिरा परततात. तिकीट किंवा पास, पैसे, घरच्यांशी बोलणे, बँकेचा ओटीपी आणि करमणूक हे सारे एकाच बॅटरीवर चालते. यात आता औषधोपचारांची भर पडली आहे. रक्ताचे अहवाल पीडीएफच्या रूपात येतात. एक्स-रेचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. औषधांची चिठ्ठी हरवू नये म्हणून तिचाही फोटो काढून ठेवला जातो. ठाकुर्लीतला रुग्ण डोंबिवलीच्या शास्त्रीनगर किंवा कल्याणच्या रुक्मिणीबाई रुग्णालयात दाखवतो, तिथून त्याला कळव्याला आणि वेळप्रसंगी शीव किंवा केईएमला पाठवले जाते. या प्रवासात त्याची फाइल बहुतेक वेळा मुलाच्या किंवा सुनेच्या फोनमध्ये असते. तो फोन बंद पडला, तर रुग्ण पोहोचतो, पण त्याचा इतिहास मागेच राहतो.

याची किंमत किती, हे छातीत दुखते म्हणून आलेल्या रुग्णाच्या बाबतीत चटकन कळते. ईसीजीत दिसणारा बदल आजचा आहे की पाच वर्षांपूर्वीचा, हे जुना ईसीजी शेजारी ठेवल्यावर स्पष्ट होते आणि पुढचा निर्णय त्यावर ठरतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, एखाद्या प्रतिजैविकाची अ‍ॅलर्जी आहे का, मागच्या महिन्यात क्रिएटिनिन किती होते, हे प्रश्न तातडीच्या कक्षात पहिल्या पाच मिनिटांत विचारले जातात. ‘सगळे फोनमध्ये आहे, पण बॅटरी गेली’ हे उत्तर कोणत्याही डॉक्टरच्या कामाचे नसते.

म्हणूनच बॅटरीची काळजी कशी घ्यायची, हे नीट समजून घ्यायला हवे. फोनमधील लिथियम-आयन बॅटरी १९९१मध्ये बाजारात आली आणि तिच्या शोधासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. तिच्यात लिथियमचे आयन एका ध्रुवाकडून दुसऱ्या ध्रुवाकडे ये-जा करतात. प्रत्येक फेरीत थोडी झीज होते. काहीशे फेऱ्यांनंतर बॅटरीची क्षमता मूळच्या ऐंशी टक्क्यांच्या आसपास येते. ही झीज सर्वांत वेगाने वाढवणारी गोष्ट म्हणजे उष्णता. एप्रिल-मेच्या उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला, जाड कव्हरमध्ये चार्ज होणारा किंवा चार्जिंगला लावूनच गेमसाठी वापरलेला फोन लवकर म्हातारा होतो. बॅटरी शून्यावर नेऊन मगच चार्ज करावी, हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला आहे. आजच्या बॅटरीला तो मानवत नाही. रोजच्या वापरात वीस ते ऐंशी टक्क्यांच्या दरम्यान राहणे तिला सोयीचे पडते. लांबच्या प्रवासाच्या किंवा रुग्णालयात जायच्या दिवशी मात्र ती पूर्ण भरून निघावे.

बॅटरी सर्वांत जास्त खातो तो पडद्याचा उजेड. तो कमी केला तर फरक लगेच दिसतो. दुसरा खर्च डोळ्यांना दिसत नाही. चालत्या गाडीत फोन सतत एका टॉवरवरून दुसऱ्यावर जातो आणि सिग्नल क्षीण असेल तेव्हा अधिक जोर लावून टॉवरशी बोलतो. त्यामुळे खिशात नुसता पडलेला फोनही प्रवासात लवकर उतरतो. उघडलेली अ‍ॅप सारखी पुसून काढल्याने बॅटरी वाचते, हा समज बरोबर नाही. तीच अ‍ॅप पुन्हा उघडताना उलट जास्त ऊर्जा लागते. गरज नसलेल्या अ‍ॅपचा ठिकाण पाहण्याचा परवाना काढून घेणे आणि बॅटरी सेव्हर वेळीच सुरू करणे, हे उपाय खरे आहेत. एक इशारा मात्र लक्षात ठेवावा. बॅटरी सेव्हरमुळे मागे चालणारी काही अ‍ॅप थांबतात. औषधाची आठवण करून देणारे अ‍ॅप किंवा दंडावरच्या सेन्सरकडून साखरेची नोंद घेणारे अ‍ॅप वापरणाऱ्या मधुमेहींनी सेटिंगमध्ये त्यांना या बंधनातून सूट द्यावी.

पॉवर बँक जवळ असणे चांगलेच, पण तिच्यावर छापलेल्या १०,००० एमएएचमधले प्रत्यक्षात फोनला साधारण साठ-पासष्ट टक्केच मिळतात. ती आणि चार्जर भारतीय मानक ब्युरोची नोंदणी असलेलीच घ्यावीत. फुटपाथवरच्या स्वस्त चार्जरमध्ये विद्युतरोधनाची खात्री नसते आणि धक्का बसण्याचा धोका असतो. उशीखाली किंवा गादीवर ठेवून फोन चार्ज करू नये. मागचे झाकण उचलले गेले, म्हणजे आतली बॅटरी फुगली आहे. असा फोन चार्ज करू नये, दाबू नये, टोचू नये. तो थेट सेवा केंद्रात द्यावा. भाजलेच तर जखम वीस मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरावी. हळद, टूथपेस्ट, बर्फ यांतले काही लावू नये आणि डॉक्टरांना दाखवावे.

आता जागेचा प्रश्न. फोन गच्च भरला की नवीन नोंद करायला मोकळा कोपरा उरत नाही, फोन अडखळतो, कॅमेरा फोटो घ्यायला नकार देतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला अहवाल उतरत नाही. वेळेत उतरवून न घेतलेली फाइल काही काळाने मिळेनाशी होते. मग घाईघाईत पुसापुशी होते आणि तिच्यात लग्नाच्या व्हिडिओऐवजी सोनोग्राफीचा अहवाल जातो. खरे तर अहवाल जागा खातच नाहीत. प्रयोगशाळेची पीडीएफ बहुधा एक एमबीहूनही लहान असते, तर चांगल्या प्रतीचा एका मिनिटाचा व्हिडिओ शंभर एमबीच्या घरात जातो. एक व्हिडिओ काढून टाकला, तर एखाद्याच्या आयुष्यभराच्या तपासण्या मावतील एवढी जागा होते. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप उतरण्याची सोय बंद करावी आणि ‘स्टोरेज’ विभागात जाऊन मोठ्या फाइल आधी काढाव्यात. सकाळच्या सुप्रभात-संदेशांचा ढीग आठवड्याला एकदा उपसावा. अहवालांसाठी घरातल्या प्रत्येकाच्या नावाचे वेगळे फोल्डर करावे आणि फाइलच्या नावात तारीख घालावी. ईसीजी किंवा चिठ्ठी पाठवताना ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी. साध्या फोटोचा आकार कमी होताना बारीक रेषा आणि अक्षरे पुसट होतात.

याहून सोपा आणि कधी न उतरणारा उपाय म्हणजे कागद. चालू औषधे, त्यांचे प्रमाण, अ‍ॅलर्जी, जुने आजार, रक्तगट आणि दोन नातेवाइकांचे क्रमांक लिहिलेली घडी पाकिटात ठेवावी. जुना ईसीजी आणि शेवटचे महत्त्वाचे अहवाल छापून पिशवीत असावेत. थर्मल कागदावरचा ईसीजी काही वर्षांत पुसट होतो, त्याची झेरॉक्स काढून घ्यावी. फोनमध्येही तातडीच्या माहितीचा रकाना असतो, तो भरला की कुलूप न उघडताही दुसऱ्याला वाचता येतो. ११२ हा क्रमांक कुलूपबंद फोनवरूनही लागतो आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ आहे. पण यांपैकी कोणतीही सोय बंद फोनवर चालत नाही. म्हणून घरात वृद्ध, गर्भवती किंवा हृदयरुग्ण असेल, तर एका तरी फोनमधले शेवटचे वीस टक्के राखीव समजावेत. घरातली औषधाची पेटी जशी खेळायला देत नाहीत, तसेच हे वीस टक्के रील पाहण्यात घालवायचे नसतात.

तरीही सारा भार रुग्णावर टाकून व्यवस्थेने हात झटकणे योग्य नाही. सरकारी रुग्णालयांत ऑक्टोबर २०२२पासून क्यूआर कोड स्कॅन करून नोंदणी करण्याची सोय आली. तिने रांगा कमी होतात, हे स्वागतार्हच आहे. पण ज्याच्याकडे फोन नाही, ज्याचा फोन बंद पडला आहे किंवा ज्याला तो वापरता येत नाही, त्याच्यासाठी केसपेपरची खिडकी तितक्याच तत्परतेने चालली पाहिजे. प्रयोगशाळांनी मागणाऱ्याला छापील प्रत कुरकुर न करता द्यावी. दुसऱ्या रुग्णालयात पाठवताना डॉक्टरांनी निदान, दिलेली औषधे आणि त्यांची वेळ कागदावर वाचता येईल अशा अक्षरात लिहून द्यावी. तातडीच्या कक्षाबाहेर चार्जिंगची सुरक्षित जागा असावी, कारण रात्रभर बसलेल्या नातेवाइकाला रक्तपेढीचा फोन येणार असतो. फलाटावरही अशी सोय आणि ती चालू आहे की नाही हे पाहणारा माणूस असला पाहिजे. नवे यंत्र आले म्हणून जुना मार्ग बंद करायचा नसतो. दोन्ही चालू असले, तर एक अडल्यावर रुग्णाचा उपचार अडत नाही.